नेट सारखं मंदावतंय? दोष अँटिव्हायरसचा आहे का, ते असं तपासा

वाईपासून थोड्या अंतरावरच्या एका गावात माझ्या मामेभावाचं सेवा केंद्र आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विम्याचे अर्ज, शिष्यवृत्तीचे फॉर्म, सगळं तिथं होतं. गेल्या वर्षभरात त्याचा एकच फोन मला चारदा आला: "ताई, नेट परत रडायला लागलं."

लाइन १०० एमबीपीएसची, फायबरची. तरी सकाळी दहाला शटर वर केलं की पहिला तास-दीड तास पोर्टलचं पान उघडता उघडायचं नाही. बाहेर बाकावर माणसं ताटकळत बसलेली. दर वेळी कुणीतरी त्याला तोच सल्ला द्यायचं, की अँटिव्हायरस काढून टाक, नेट सुसाट पळेल. तो काढायचा. चार दिवस खरंच बरं चालायचं. मग भीती वाटून तो परत टाकायचा, कधी तोच, कधी दुसरा, आणि पंधरा दिवसांत पहिले पाढे पंचावन्न.

मला खटकत होते ते मधले चार दिवस. गावातल्या शेकडो लोकांची आधार कार्डं, पासबुकं, सह्या त्या कॉम्प्युटरवर स्कॅन होऊन पडलेल्या असतात. तिथं अंदाजाने संरक्षण काढणं बरोबर नाही. मी पुण्यात एका कॉलेजची लॅब सांभाळते, तिथं प्रवेशाच्या दिवसांत हीच शंका दर वर्षी निघते, आणि ती मोजून सोडवता येते हे मला माहीत आहे. म्हणून चौथ्या फोननंतर एका रविवारी वही घेऊन मी गावी गेले. तिथं जे केलं ते क्रमाने लिहिते, म्हणजे तुम्हाला तुमच्या मशिनवर तसंच करता येईल.

आधी 'मंद' म्हणजे काय ते ठरवा

फाइल हळू उतरते, पान उशिरा उघडतं, व्हिडिओ कॉल तुटतो आणि फक्त एकच सरकारी पोर्टल अडतं, ही चार वेगवेगळी दुखणी आहेत. शेवटच्यात बहुतेक वेळा पोर्टलचाच सर्व्हर दमलेला असतो. मोबाइलच्या डेटावरून तेच पान उघडून बघा. तिथंही अडत असेल तर तुमच्या कॉम्प्युटरला हात लावू नका.

आकड्यांची एक गल्लत फार जण करतात. नेटची कंपनी वेग मेगाबिटमध्ये सांगते, ब्राउझर डाउनलोडचा वेग मेगाबाइटमध्ये दाखवतो. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे १०० एमबीपीएसच्या लाइनवर ब्राउझरने साडेबाराच्या आसपास आकडा दाखवला तर ती लाइन पूर्ण वेगाने चालू आहे, काही बिघडलेलं नाही.

अँटिव्हायरस वाटेत कुठं उभा असतो

हे समजलं की पुढची प्रत्येक चाचणी कशासाठी ते कळतं. अँटिव्हायरस फक्त डिस्कवरच्या फाइली तपासत नाही. त्याचा 'वेब शील्ड' किंवा तशाच नावाचा भाग ब्राउझर आणि नेटवर्क यांच्या मध्ये बसतो. पान आधी त्याच्या हातात पडतं, मग तुमच्या.

हल्ली जवळपास सगळी पानं एचटीटीपीएस, म्हणजे कुलूपबंद येतात. ती तपासायची तर कुलूप उघडावं लागतं. त्यासाठी बरेच अँटिव्हायरस विंडोजमध्ये स्वतःचं रूट सर्टिफिकेट, म्हणजे ब्राउझरने त्यांच्यावर विश्वास ठेवावा म्हणून एक ओळखपत्र, बसवतात, आलेला मजकूर उलगडतात, तपासतात, परत कुलूप लावतात आणि ब्राउझरला देतात. एका पानासाठी ब्राउझर चित्रं, फॉन्ट, स्क्रिप्ट अशा शंभरेक गोष्टी मागवतो. त्या सगळ्यांवर हे काम होतं आणि ते प्रोसेसरला करावं लागतं. नव्या मशिनवर याचा पत्ताही लागत नाही. सात-आठ वर्षांपूर्वीच्या दोन कोअरच्या मशिनवर लागतो.

तुमच्याकडे हे चालू आहे का, ते एका मिनिटात दिसतं. एखादी साधी बातम्यांची साइट उघडा, पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक करा आणि सर्टिफिकेट बघा. 'इश्यूड बाय' पुढे लेट्स एन्क्रिप्ट, डिजिसर्ट किंवा गूगल ट्रस्ट सर्व्हिसेस असं नाव असेल तर मध्ये कुणी नाही. तिथं तुमच्या अँटिव्हायरसचं नाव असेल तर तो प्रत्येक पान उलगडून बघतोय. बँकेच्या साइटवर ही परीक्षा करू नका, कारण बँकेची पानं बरेच अँटिव्हायरस मुद्दाम सोडून देतात आणि तुमची समजूत उलटी होईल.

मोजायच्या आधी

वाय-फाय बंद करा आणि राउटरला केबलने जोडा. हे टाळून केलेलं कुठलंही मोजमाप मी धरत नाही. कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग (ipconfig) टाकून 'डिफॉल्ट गेटवे'चा, म्हणजे राउटरचा, आकडा घ्या आणि त्याला पन्नास वेळा पिंग करा, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर किती वेळात येतं ते बघा. केबलवर उत्तर एक-दोन मिलिसेकंदांत आलं पाहिजे. वाय-फायवर हाच आकडा मध्येच शंभर-दोनशेवर उडत असेल तर गोंधळ तुमच्या खोलीतच आहे. त्यात अँटिव्हायरसचा संबंध नाही, कंपनीचाही नाही.

घरातले बाकीचे फोन, टीव्ही, फोटो वर चढवणारी क्लाउडची ॲप्स थांबवा. विंडोज अपडेट उतरत नाही ना ते बघा. वेगाच्या चाचणीत सर्व्हर स्वतः निवडा आणि शेवटपर्यंत तोच ठेवा, कारण आपोआप निवडला तर एकदा पुण्याचा लागतो, एकदा मुंबईचा, आणि आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत.

केबलवरही आकडा ९४-९५ च्या वर जात नसेल तर बिचकू नका. राउटरचं किंवा कॉम्प्युटरचं लॅन पोर्ट १०० मेगाबिटचं असलं की व्यवहारात तेवढाच मिळतो. २०० किंवा ३०० एमबीपीएसचा प्लॅन घेऊन ९४ वर अडकलेले लोक मी बरेच पाहिलेत. त्यांना नवा राउटर किंवा नवी केबल लागते.

चालू-बंद, चालू-बंद

इथं एक चूक नेहमी होते. अँटिव्हायरस चालू ठेवून तीन चाचण्या, मग बंद करून तीन, असं मोजलं की मधल्या दहा मिनिटांत लाइनचाच वेग बदललेला असू शकतो. म्हणून आलटून पालटून मोजा: चालू, बंद, चालू, बंद, प्रत्येकी पाच वेळा. वहीत दोन रकाने करा. सरासरी काढू नका, प्रत्येक रकान्यातले आकडे चढत्या क्रमाने लावून मधला घ्या. एखादी चाचणी मध्येच पडली तरी त्याने निकाल बिघडत नाही.

वेगाच्या आकड्याबरोबर पान उघडायचा वेळही मोजा. माझ्या मते तोच जास्त महत्त्वाचा. वेगाची चाचणी मोजक्या जोडण्यांतून धो धो डेटा ओढते, आणि अँटिव्हायरसचा भार जाणवतो तो शंभर छोट्या जोडण्या उघडताना. म्हणून स्पीड टेस्ट ९० दाखवते आणि तरी पोर्टल रेंगाळतं. क्रोममध्ये एफ१२ दाबा, 'नेटवर्क'वर जा, 'डिसेबल कॅश'वर खूण करा (म्हणजे आधी साठवलेलं पान वापरलं जात नाही) आणि पान परत लोड करा. खालच्या पट्टीत 'फिनिश'पुढे किती सेकंद लागले ते येतं.

संरक्षण बंद असताना मेल उघडू नका, पेनड्राइव्ह लावू नका, ठरवलेल्या दोन साइटींपलीकडे कुठं जाऊ नका.

आता भावाच्या मशिनचे आकडे. चालू असताना मधला आकडा ६१ एमबीपीएस. 'दहा मिनिटं थांबवा' करून ६५. पान उघडायला चालू असताना ९ सेकंद, थांबवून ८. भाऊ म्हणाला, "म्हणजे अँटिव्हायरसचा दोष नाही, ताई." बहुतेक लोक इथंच थांबतात आणि कंपनीला तक्रार करतात.

'थांबवा' म्हणजे बाहेर काढणं नव्हे

'पॉज' केलं की अँटिव्हायरस तपासणं थांबवतो, पण त्याने नेटवर्कमध्ये बसवलेला ड्रायव्हर, म्हणजे डेटाच्या वाटेत बसणारा छोटा प्रोग्राम, जागचा हलत नाही. डेटा त्याच्याच हातातून जात राहतो. खरी तुलना करायची तर तो ड्रायव्हर लोडच होऊ द्यायचा नाही.

त्यासाठी सेफ मोड, म्हणजे विंडोज फक्त अत्यावश्यक गोष्टींसह सुरू करणं. शिफ्ट धरून रीस्टार्ट करा, ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज असं जा, आणि यादीतून नेटवर्किंगसह सेफ मोड निवडा. तो पाच नंबरला असतो. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप, चालू असेल तर रिकव्हरी की आधी लिहून ठेवा, नाहीतर मशिन ती मागून अडून बसेल. सेफ मोडमध्ये वाय-फाय कधी चालतं, कधी नाही, केबलवर मात्र सहसा काम होतं. बहुतेक अँटिव्हायरसचे नेटवर्कचे भाग तिथं उठत नाहीत.

भावाच्या मशिनवर सेफ मोडमध्ये मधला आकडा ९३ आला. पान ४ सेकंदांत.

एवढ्यावरही निकाल देऊ नका. सेफ मोडमध्ये अँटिव्हायरसबरोबर आणखी पुष्कळ गोष्टी बंद असतात. एवढं मात्र पक्कं झालं, की लाइन धडधाकट आहे आणि अडथळा विंडोजच्या आतच आहे. याहून स्वच्छ पुरावा हवा असेल तर उबंटूचा, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत सिस्टिमचा, लाइव्ह पेनड्राइव्ह लावून तेच मशिन त्यावरून सुरू करा आणि मोजा. काही इन्स्टॉल करावं लागत नाही. तिथंही वेग कमीच असेल तर विंडोज आणि अँटिव्हायरस दोघेही सुटले. केबल, राउटर, लाइन यांच्याकडे वळा.

खरा चोर सापडला तो असा

'रन'मध्ये एनसीपीए डॉट सीपीएल (ncpa.cpl) टाका, इथर्नेटवर, म्हणजे केबलच्या जोडणीवर, राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. एक लहान खिडकी येते, तीत छोट्या चौकोनांपुढे नावं असतात: मायक्रोसॉफ्टचा क्लायंट, क्यूओएस, आयपीव्ही४, आयपीव्ही६. त्या यादीत भावाच्या मशिनवर दोन वेगवेगळ्या अँटिव्हायरसच्या नावांचे फिल्टर, म्हणजे वर सांगितले तसे ड्रायव्हर, होते. एक आत्ताचा, पैसे भरून घेतलेला. दुसरा लॅपटॉपबरोबर चाचणीपुरता आलेला, जो त्याने दीड वर्षापूर्वी काढून टाकला होता. ॲप्सच्या यादीत त्याचं नावही नव्हतं. पण डेटाचं प्रत्येक पॅकेट आधी त्या गेलेल्या पाहुण्याच्या हातून जात होतं, मग नव्याच्या.

त्याहून वाईट गोष्ट विंडोज सिक्युरिटी उघडल्यावर दिसली. दुसरा अँटिव्हायरस काढला की विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपोआप जागा होतो, तशी रचनाच आहे. पण इथं जुन्याची नोंद तशीच राहिल्यामुळे विंडोजला वाटत होतं की पहारेकरी हजर आहे. म्हणजे भाऊ अँटिव्हायरस काढायचा तेव्हा ते चार दिवस मशिनवर खरोखर कुणीच नसायचं. हे कळल्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही.

अँटिव्हायरस नेहमीच्या 'अनइन्स्टॉल'ने काढला की असे अवशेष राहू शकतात. म्हणून बहुतेक कंपन्या आपलं वेगळं रिमूव्हल टूल देतात. ते त्या कंपनीच्याच साइटवरून घ्या, शोधून सापडलेल्या भलत्या साइटवरून नको. सेफ मोडमध्ये चालवा, रीस्टार्ट करा आणि ती यादी परत बघा. याच वेळी विंडोजच्या सेटिंगमध्ये प्रॉक्सीचं, म्हणजे नेटच्या वाटेतल्या मध्यस्थाचं, पानही बघून घ्या. तिथं १२७.०.०.१ असा, म्हणजे याच मशिनचा, पत्ता उरला असेल आणि तो कुणी बसवला ते आठवत नसेल, तर तोही जुन्याचाच अवशेष असू शकतो.

जुना फिल्टर गेल्यावर वेग ८२ वर आला. मग चालू अँटिव्हायरसमधली एचटीटीपीएस तपासणी बंद केली आणि ९२ झाला. पान साडेचार सेकंदांत.

प्रोसेसरचा तो एक चौकोन

८२ ते ९२ मधला फरक तपासणीचाच आहे, हे भावाला टास्क मॅनेजरमध्ये दाखवलं. 'परफॉर्मन्स'मध्ये सीपीयूचा एकूण आकडा ३० टक्क्यांच्या आसपास होता, त्यामुळे त्याला वाटत होतं की प्रोसेसर निवांत आहे. मग आलेखावर राइट क्लिक करून 'लॉजिकल प्रोसेसर्स' निवडलं. चार चौकोन उघडले. त्यातला एक डाउनलोड सुरू होताच थेट माथ्याला टेकला, बाकीचे तीन खाली. चारातला एक पूर्ण भरला की एकूण आकडा २५ टक्केच दिसतो. काम एकाच धाग्यावर, म्हणजे एकाच चौकोनावर, अडकलं असेल तर उरलेले तीन मोकळे असून उपयोग नसतो. एचटीटीपीएस तपासणी बंद करून तीच फाइल परत उतरवली तेव्हा तो चौकोन निम्म्यावर राहिला.

डिफेंडर वापरणाऱ्यांनीही हे बघावं. फायरफॉक्स चालू असताना डिफेंडरची सेवा प्रोसेसर फार खाते, ही तक्रार फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाकडे २०१८ साली नोंदली गेली होती. मायक्रोसॉफ्टने ती दुरुस्त केली २०२३ मध्ये. पाच वर्षं लोक ब्राउझरला आणि नेटला नावं ठेवत होते.

मग सकाळी दहालाच का?

वेग सुधारला तरी हा प्रश्न उरला होता, आणि दर वेळी चार दिवस बरं का वाटायचं याचं उत्तरही त्यातच होतं. अँटिव्हायरसचं पूर्ण स्कॅन रात्री दोनला ठरवलेलं होतं. रात्री केंद्र बंद, मशिन बंद. राहून गेलेलं स्कॅन मशिन सुरू झाल्या झाल्या करा, अशी खूण सेटिंगमध्ये होती. म्हणजे दहाला शटर वर, मशिन चालू, आणि लगेच स्कॅन आणि व्याख्यांचं, म्हणजे व्हायरस ओळखायच्या यादीचं, अपडेट दोन्ही एकदम. मशिनमध्ये जुनी फिरती हार्ड डिस्क. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के. ब्राउझरही आलेलं पान कॅशमध्ये लिहायला डिस्कच मागतो, त्यामुळे नेट धावत असलं तरी पान रेंगाळतं. अँटिव्हायरस काढला की हे सकाळचं स्कॅन जायचं, म्हणून बरं वाटायचं. परत टाकला की तेही परत यायचं.

स्कॅनची वेळ आता दुपारी दीडची केली आहे, जेवायला बंद असतं तेव्हा. हार्ड डिस्क बदलून एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, टाकायला सांगितलं. जुन्या मशिनवर पैसे घालायचेच असतील तर मी आधी तिथंच घालीन, नेटचा मोठा प्लॅन घेण्याआधी.

डिफेंडरचं वेळापत्रक टास्क शेड्युलरमध्ये असतं, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, विंडोज डिफेंडर अशा फोल्डरांत. नेट कोण ओढतंय ते बघायला रिसोर्स मॉनिटरचं 'नेटवर्क' पान उघडा. तिथं प्रत्येक प्रोग्रामपुढे किती बाइट येतात-जातात ते लिहिलेलं असतं.

दोषी निघाला तर काय बंद करायचं आणि काय नाही

अख्खा अँटिव्हायरस कधीच नाही. आधी नवी आवृत्ती टाकून बघा. मग त्याने ब्राउझरमध्ये घातलेली एक्स्टेंशन काढा. अँटिव्हायरसच्या पॅकेजबरोबर आलेलं व्हीपीएन आपोआप चालू होत असेल तर ते बंद करा. त्यामुळे सगळी वाहतूक लांबच्या सर्व्हरवरून फिरून येते, आणि वेग कमी होण्याचं हे कारण लोकांच्या लक्षातच येत नाही. काही अँटिव्हायरस क्विक (QUIC) हा पान आणायचा नवा प्रोटोकॉल अडवून ब्राउझरला जुन्या वाटेने जायला लावतात, कारण त्या वाटेवर त्यांना तपासता येतं. तेही सेटिंगमध्ये सापडतं.

एचटीटीपीएस तपासणी बंद करणं ही शेवटची पायरी. ती बंद केली म्हणून दारं सताड उघडी पडत नाहीत. उतरलेली फाइल डिस्कवर लिहिली जाताना तपासली जातेच, आणि ब्राउझरची स्वतःची फसव्या साइटींची यादी काम करत राहते. पण पान उघडतानाच धोका ओळखायची एक संधी जाते, हे खरं आहे. नव्या, ताकदवान मशिनवर फरक पाच-सात टक्क्यांचा असेल तर मी ती चालूच ठेवीन. भावाच्या मशिनवर ती बंद ठेवली ती त्याच्या प्रोसेसरकडे बघून.

आणि मशिनवर अँटिव्हायरस एकच ठेवा. तो पुण्याच्या क्विक हीलचा असो, परदेशी असो की विंडोजचा डिफेंडर, एक नीट चालणारा पुरतो. दोन ठेवले की ते एकाच फाइलवर, एकाच पॅकेटवर दोनदा काम करतात आणि एकमेकांवर संशय घेतात. विंडोज १० वर अजून असाल तर आणखी जपा, त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे.

सगळं झालं की संरक्षण खरंच परत चालू झालं का, ते तपासा. त्यासाठी आयकार (EICAR) नावाची चाचणी-फाइल आहे, ६८ अक्षरांची. ती काहीही बिघडवत नाही, पण सगळे प्रमुख अँटिव्हायरस तिला व्हायरस समजून पकडतात. त्याच नावाच्या संस्थेच्या साइटवरून ती उतरवायचा प्रयत्न करा. अडवली गेली तर पहारा जागेवर आहे.

भावाकडे संध्याकाळी सात ते नऊ वेग अजूनही ४०-५० वर येतो. ते सेफ मोडमध्येही तसंच, लाइव्ह पेनड्राइव्हवरही तसंच. तो दोष लाइनवाल्याचा. आता तक्रार करताना त्याच्याकडे तारीख-वेळेसह आकडे आहेत, केबलवर घेतलेले, दोन्ही सिस्टिमवरचे. तिथला माणूस "अँटिव्हायरस बंद करून बघा" म्हणाला, तेव्हा भावाने त्याला वहीचा फोटो पाठवला. दुसऱ्या दिवशी खांबावरचा जोड तपासायला माणूस आला.

मॉनिटरच्या मागे मी एक कागद चिकटवून आले आहे. त्यावर तारीख, ९२, साडेचार सेकंद, दीडचं स्कॅन आणि नेटवर्कच्या यादीत किती नावं असायला हवीत ते लिहिलं आहे. अँटिव्हायरसची मोठी नवी आवृत्ती आली की काही सेटिंग परत मूळ जागी जाऊ शकतात. तेव्हा त्याने आधी तो कागद बघायचा, मग मला फोन करायचा, असं ठरलंय.